परत तेच हिरवं पीस

आला! परत आला तो ब्रायोप्सिस, माझ्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीतलं चिवट शेवाळ. झोआंच्या, म्हणजे बटणांसारख्या प्रवाळांच्या, दगडामागून पिसासारखा हिरवा तुरा डोलतोय, जणू मी हौसेने लावलाय. टूथब्रशने घासलं, चिमट्याने उपटलं, आरओचं पाणी, नायट्रेट-फॉस्फेटच्या टेस्ट, सगळं झालं. गोगलगायी काच चाटून लख्ख करतात, पण याला तोंड लावतील तर शपथ! मागे फ्लुकोनॅझोल, माणसांचं बुरशीवरचं औषध, घातलं होतं. २०० लिटरला १५० मिलिग्रॅमच्या सात गोळ्या, फिल्टरमधला कार्बन काढून, फेसातून घाण काढणारा स्किमर बंद ठेवून. मेडिकलवाला माझ्या मानेवर गजकर्ण शोधत होता. दोनेक आठवड्यांत सगळं पांढरं पडून गळालं, पेढे वाटायचेच बाकी होते. आणि आता हे! नवा फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तुकडा, त्याच्या बुडाची चकती (प्लग) न बदलता मीच टाकीत सोडला, तिच्यावरूनच आलं असणार, दुसरं कोण? बायको म्हणते, "छान दिसतंय की, राहू दे." राहू दे?!