अपडेट झालं, पण लागू झालं का?
सर्व्हर अपडेट ठेवण्यावरच्या एका लेखात सल्ला आहे: ‘सगळ्या उबुंटू सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स (अपडेट आपोआप बसवणारं टूल) चालू करा, काम झालं’. तो दोन-चार मशिनांपुरता ठीक आहे, दोन-चारशेंना नाही. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) अपडेट झालं तरी आधीपासून चालू असलेली सर्व्हिस रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसते. पॅकेजची आवृत्ती नवी दिसते, सुरक्षेतलं भोक मात्र तसंच. कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करायला हव्यात ते सांगणारं नीडरीस्टार्ट चालवून बघा. कर्नलचंही (सिस्टिमचा गाभा) तेच, नवं कर्नल रीबूटनंतरच लागू होतं: अनअटेंडेड-अपग्रेड्समधलं ऑटोमॅटिक-रीबूट मुळात बंद असतं, म्हणून ‘रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल तयार झालीय का, यावर मॉनिटरिंग हवंच.

टप्प्याटप्प्यानं अपडेट करताना थेट उबुंटूच्या रेपोवर (पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यावर) विसंबू नका. सोमवारी चाचणीच्या मशिनवर गेलेलं पॅकेजच गुरुवारी प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरातल्या मशिनांना) मिळेल, याचा भरवसा नसतो. अ‍ॅप्टली या टूलनं रेपोचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) काढा आणि तोच पुढे सरकवा.

अनेक मशिनांवर एकदम काम चालवणाऱ्या अ‍ॅन्सिबलमध्ये ‘सिरियल’ (एका वेळी किती मशिनं घ्यायची) ४ आहे आणि २ मशिनं पडल्यावर थांबायचंय? मग ‘मॅक्स फेल पर्सेंटेज’ (किती टक्के मशिनं पडलेली चालतील) ५० नाही, ४९ लिहा. आकडा ओलांडला जावा लागतो, बरोबरी चालत नाही. (इथे भले भले फसतात.) आणि बूटचं पार्टिशन वेगळं नि लहान असेल तर जुनी कर्नल आधी काढा, जागा संपली की इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी फाइल) बनत नाही आणि डीपीकेजी (पॅकेज बसवणारं टूल) मध्येच अडकून पडतं.