चोरलेली नासपती

परत येऊन तीन दिवस झाले, पण ते 'थँक यू फॉर शेअरिंग' अजून कानातून जात नाही.

लेक मिशिगनमधल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात शिकते. तिथल्या फॅमिली वीकेंडला न्यू जर्सीहून अकरा तास गाडी हाकत गेलो, तर दारातच तिने बजावलं, "बाबा, ऑनर्स सेमिनारमध्ये पालकांना बसता येतं. बोलताही येतं. तू बोलू नकोस. माझे मार्क बोलण्यावर आहेत."

मोठं टेबल, भोवती पंधरा मुलं, भिंतीला टेकून आम्ही पालक. प्राध्यापक दोन: धर्मशास्त्राचे सर आणि अर्थशास्त्राच्या बाई, कारण सेमिनार आंतरविद्याशाखीय. (हा शब्द एका दमात म्हणणाऱ्याला ऑनर्स द्यायला माझी हरकत नाही.) प्रार्थना झाली आणि सेंट ऑगस्टीनची नासपतीची चोरी चर्चेला आली. आजच्या अल्जीरियातल्या आपल्या गावी सोळा वर्षांच्या या पोराने मित्रांबरोबर रात्री शेजारचं झाड हलवलं, ओझंभर नासपती पळवली आणि डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, फळंही दिसायला-चवीला यथातथाच. नुसती चोरीची मजा! पुढे बिशप झाल्यावर त्याने आत्मकथनात यावर पानंच्या पानं हळहळ केली. "का चोरली?" एवढं विचारून सर गप्प बसले. या पद्धतीत प्राध्यापक उत्तर देत नाहीत. आमच्या वेळीही देत नसत, पण ते येत नसल्यामुळे.

बराच वेळ कुणी बोलेना. मग माझ्या शेजारचे गृहस्थ खाकरले. सहा फुटांवर उंची, टोपी मांडीवर, बोटं मुळ्याएवढी. डच वंशाचे, तीन पिढ्यांचे बागायतदार.

"व्हरायटी कुठली? बार्टलेट?"

सरांनी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात नव्हतं.

"कारण नासपती झाडावर पिकू देत नाहीत," गृहस्थ म्हणाले. "कडक असतानाच उतरवायची, थंडीत ठेवायची, मग घरात पिकवायची. झाडावरच राहिली तर बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून सडते."

सर खुलले. "बाहेरून ठणठणीत, आतून सडलेलं! म्हणजे, पाप?"

"नाही. बार्टलेट."

पोरं पटापट लिहून घेत होती. "झाड हलवून पाडली म्हणता? म्हणजे खरचटली असणार. बाजारात कोण घेतंय? डुकरांना घातली ते बरोबरच केलं, आम्हीही तेच करतो." अर्थशास्त्राच्या बाई पुढे सरकल्या. मालकाचं नुकसान किती, यावर वीस मिनिटं गेली आणि सोळाशे वर्षांनी ऑगस्टीन जवळजवळ निर्दोष सुटला.

तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. "तुमच्या परंपरेत चोरीकडे कसं पाहतात?"

मी बावीस वर्षं व्हॉल्व्ह डिझाइन करतो. गळतीबद्दल विचारलं असतं तर तासभर बोललो असतो. शेजारच्या गृहस्थांना कुणी विचारलं नाही, तुमच्या डच परंपरेत नासपतीचं काय म्हणतात म्हणून. ते बागायतदार, मी परंपरा. लेकीने डोळे मिटून घेतले होते.

"आमच्याकडे देवच लोणी चोरतो," मी म्हणालो.

शांतता. एका मुलीने पेन उचललं आणि परत ठेवलं. मला पुढे सांगायचं होतं की आम्ही त्या चोरीबद्दल हळहळत नाही, तर दरवर्षी हंडी बांधतो, थरावर थर लावतो, लाऊडस्पीकरवर बक्षिसाचा आकडा पुकारतो आणि वरून पडलेल्याला केईएममध्ये नेतो. पण सर म्हणाले, "थँक यू फॉर शेअरिंग," आणि गाडी परत पापावर आली. एवढी फी भरून माझ्या वाट्याला एक वाक्य आलं. तेही लेकीच्या मते जास्तच होतं.

काल मेल आला. बागायतदारांना पुढच्या सेमिनारला पाहुणे वक्ते म्हणून बोलावलंय. त्याच संध्याकाळी पालकांचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण आहे, आणि मला समोसे आणायला जमेल का, अशी विचारणा. आमच्या पेणच्या घरात उभ्या आयुष्यात कधी समोसा तळला गेला नाही. हिने मात्र उत्साहाने 'हो' कळवून टाकलंय. तळलेला समोसा अकरा तासांत किती मऊ पडतो, हे आता त्या बागायतदारांनाच विचारायला हवं.