नावीन्य फक्त टेस्लाकडेच?

विजेवर चालणाऱ्या गाड्यांवरच्या लेखात टेस्लाला एकमेव कल्पक कंपनी ठरवून चिनी कंपनी बीवायडीला ‘नक्कल करणारी’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. टेस्लाचं श्रेय कोणी नाकारत नाही. त्यांच्या मॉडेल वाय गाडीच्या मागच्या सांगाड्याचे सुमारे ७० सुटे भाग जोडत बसण्याऐवजी अवाढव्य यंत्रात ॲल्युमिनियमचा एकसंध भाग ओतायचा, हे धाडसच होतं. पण बीवायडी १९९५ साली शेनझेनमध्ये सुरू झाली तीच मुळी बॅटऱ्या बनवायला. गाड्या नंतर आल्या. त्यांची २०२० मधली ब्लेड बॅटरी बघा. लोह-फॉस्फेट या रसायनाचे लांबट, चपटे सेल (बॅटरीचे सुटे घटक), ते गटागटानं ठेवायची मधली मॉड्यूलची खोकी काढून थेट पॅकमध्ये, म्हणजे गाडीच्या अख्ख्या बॅटरीत बसवलेले. त्यानं जागा वाचली आणि महागड्या निकेल-कोबाल्ट धातूंशिवाय एका चार्जिंगमध्ये चांगला पल्ला मिळाला. खिळा आरपार घुसवला तरी सेल पेटत नाही, हेही त्यांनी जाहीरपणे दाखवलं. हे रसायन त्यांनी शोधलेलं नाही, ते १९९०च्या दशकात टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आलं, हे मान्य. पण ते सामान्य माणसाच्या गाडीत परवडेल असं बसवणं ही नक्कल कशी? आणि ॲपलनं तर गाडीचा प्रकल्प २०२४ मध्ये गुंडाळला. त्यांचं नाव लेखात कशाच्या जोरावर घेतलंत, तेवढं लेखकानं सांगावं.