दोरी सोडू नका

बिल्ला मिळाला की आधी त्यावरचं शुद्धलेखन बघा. ‘स्वयंसेवक’ असं नीट लिहिलेलं असेल तर तो बिल्ला आपल्या महोत्सवाचा नाही, परत करा. आपल्यावर ‘स्वंयसेवक’ असतं. अनुस्वार घाईत एक स्टॉप आधीच उतरलेला. खाली मागच्या वर्षाची तारीख बॉलपेननं खोडलेली असते. पिन शर्टाला भोक पाडते म्हणून जुना शर्ट घाला. फार जुनाही नको, कारण दीपप्रज्वलनाच्या फोटोत तुमचा एक कान यायची शक्यता असते.

गाणं फुकट आणि जवळून ऐकायला मिळतं, असं मला बिल्ला देताना सांगितलं होतं. फुकट मिळालंच. आमचा महोत्सव सगळ्या गावालाच फुकट असतो, तेव्हा मला नक्की कोणत्या रकमेची सूट मिळाली, हा हिशेब अजून लागलेला नाही. जवळून म्हणाल तर तेही खोटं नाही. मंचापासून तीसेक फुटांवर उभा होतो, मंचाकडे पाठ करून.

मराठवाड्यात महोत्सवांना तोटा नाही. वेरूळचा पूर्वी कैलास लेण्यासमोर व्हायचा, पुढे संभाजीनगरच्या सोनेरी महालात गेला. अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो. देगलूर तालुक्यात होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांपाशी एक होतो. मी सांगतोय तो यातला एकही नाही. लातूर-नांदेडच्या मधल्या एका गावातला आहे. नाव लिहिलं तर पुढच्या वर्षी पुरी-भाजीचं कूपन मिळायचं नाही.

नव्या माणसाला पहिलं काम देतात ते दोरीचं. मंचासमोर लाल मखमली सोफे, बारा. त्यामागे पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांच्या चार रांगा. मग दोरी. दोरीमागे सतरंज्या, आणि खरोखर गाणं ऐकायला आलेली माणसं सतरंज्यांच्याही मागे, उभी. तुमचं काम रिकामे सोफे राखायचं. जोंधळा निसवला की माळ्यावर गोफण घेऊन पाखरं राखतात, अगदी तसंच. तिथं कणसात दाणे असतात, एवढाच काय तो फरक.

पाखरांच्या जाती मात्र ओळखता आल्या पाहिजेत. ‘मी साहेबाचा मानूस हाय’ म्हणत येतो, त्याला कोणते साहेब हे चुकूनही विचारू नका. तो लगेच फोन लावतो आणि तुमच्या कानाला धरतो. पलीकडून ‘हां, कोन बोलायलंय?’ असा प्रश्न आला की आपण कोण, हे आपल्यालाच नीट सांगता येत नाही. निवृत्त मुख्याध्यापक आले तर खुर्ची द्या. त्यांनी तुम्हाला शिकवलेलं असतं, तुम्हाला नसेल तर तुमच्या वडलांना, आणि दोघांच्याही प्रगतीपुस्तकातले आकडे त्यांना आज रात्रीसुद्धा आठवू शकतात. झोपलेलं लेकरू खांद्यावर टाकून बाई आली तर नियम बाजूला ठेवून तुम्ही स्वतःच खुर्ची उचलून द्याल. मीही दिली. आलाप सुरू झाला तसं ते लेकरू जागं झालं.

या सोफ्यांना तुम्ही हलकं लेखू नये म्हणून थोडा इतिहास सांगतो. तो तुम्हाला प्रास्ताविकात ऐकावा लागणारच आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शारंगदेव होते. घराणं मूळचं काश्मीरचं. त्यांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, सात अध्यायांचा. उत्तरेतले आणि दक्षिणेतले, दोन्हीकडचे संगीतवाले त्याला आधार मानतात. एवढं सगळं प्रास्ताविकात येतं. हे शारंगदेव नोकरीनं राजाच्या हिशेब-दप्तराच्या खात्यात होते, हे मात्र येत नाही. आमच्या महोत्सवाच्या खजिनदारांना मी ते सांगितलं. तेव्हापासून ते स्वतःला त्याच परंपरेतले समजतात आणि मंडपवाल्याचं बिल पुढच्या अध्यायात ढकलतात.

तर त्या ग्रंथात गायकाचे पंचवीस दोष दिलेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट. तोंडाचा आ करून गाणारा तो कराली. उंटासारखी मान वर काढणारा करभ, आणि कावळ्यासारख्या आवाजाचा काकी. सभेत राजानं कुठं बसावं आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कोणी, याचीही व्यवस्था सांगितली आहे. म्हणजे बैठकीची चिंता आपल्याकडे सातशे वर्षांहून जुनी आहे, उगीच समितीला नावं ठेवू नका. श्रोत्यांच्या मागं उभं राहून आणि गाण्याकडे पाठ करून जो दोरी धरतो त्याच्या दोषांची यादी मात्र मला कुठं आढळली नाही. ती आपण आपल्या हिमतीवर तयार करायची आहे.

वेळेचं गणितही समजून घ्या, कारण लोक ते तुम्हालाच विचारतात. पत्रिकेवर सायंकाळी ठीक सहा. ‘ठीक’ या शब्दाचा त्या वाक्यात काही अर्थ नसतो, तो लग्नपत्रिकेतून सवयीनं आलेला असतो. मारवा, पूरिया हे दिवस मावळतानाचे राग. आमच्याकडे दिवस मावळतो तेव्हा पाहुण्यांनी वाटेतलं लोहा गाव सोडलेलं असतं. यमनाच्या वेळेला सत्कार चालू असतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि समईची वात वाऱ्यानं विझते तेवढ्यात काड्यापेटीचा शोध. काड्यापेटी खिशात ठेवा. महोत्सवभर तुमच्याकडून झालेलं हेच एक निर्विवाद उपयोगी काम असेल.

गाणं सुरू होतं साडेआठला, आणि बरोबर दहाला थांबावं लागतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ख्यालाला त्या पंधरा दिवसांत जागा मिळवायची तर आधी गणपती-नवरात्राला हलवावं लागेल. त्यामुळे मालकंस, दरबारी असले उत्तररात्रीचे राग आमच्या गावानं ऐकायचे तर ते रात्री दहाच्या आत. शास्त्राप्रमाणे त्याला उशीर लागतो, पोलीस परवान्याप्रमाणे नाही. पहिल्या सोफ्यावरून ‘बुवा, मालकंस होऊ द्या’ अशी चिठ्ठी घेऊन तुम्हाला मंचाकडे पाठवतील. न्या. वाटेत वाचू नका. एकदा मी वाचली, तर चिठ्ठीत गाडी क्रमांक इतका-इतका मधून काढावी असं होतं, आणि मालकंसाची चिठ्ठी पार्किंगवाल्याकडे गेली होती.

साउंडवाल्याशी वाद घालू नये. तो लग्नं, वरात आणि जागरण-गोंधळ यांच्या हंगामातून थेट तुमच्याकडे आलेला असतो आणि त्याला आवाजात ‘इको’ लागतो. बुवांची एक तान संपायच्या आत मागची तान परत येते, मध्ये दोघींची गाठ पडते. बुवा हातानं कमी, कमी अशी खूण करतात. साउंडवाला ती दाद समजून अजून थोडा वाढवतो. तिकडे डिसेंबरचं दव पडून तबला उतरत असतो, तबलजी हातोडी घेऊन ठोकत असतात आणि खुर्च्यांमधून ‘अजून दुरुस्तीच चालू हाय का?’ अशी विचारणा होते. अशा वेळी तुम्ही मागे वळून बघायचं नाही. तुमच्या समोर दोरी आहे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या धोक्याकडे येतो. साहेबाचा माणूस, मुख्याध्यापक, लेकरूवाली बाई हे सगळे परवडले. जपून राहायचं ते धोतरवाल्या बाप्पांपासून. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी, पायात टाचा झिजलेली चप्पल. हे बारा-पंधरा किलोमीटरवरून मोटरसायकलीवर एकटे येतात. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. दोरीपाशी येतात, पण आत सोडा म्हणत नाहीत. तिथंच त्यांना ओळखायला पाहिजे होतं.

मी आपला सवयीनं म्हणालो, “बाप्पा, मागं सरका.”

“सरकतो की. तुमी काय करूलालाव हितं?”

“ड्युटी आहे.”

“गान्याकडं पाठ करून?”

मी गप्प. विलंबित एकताल चालू होता, बागेश्री. बाप्पांनी बोटांवर मात्रा धरल्या होत्या. मंचाकडे न बघता मला कळत होतं, कारण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांची मान बरोबर खाली यायची. मी इतका वेळ गाणं ऐकत होतो ते त्यांच्या मानेत.

थोड्या वेळानं म्हणाले, “मालक, दोरी माज्याकडं द्या. तुमी बसा घडीभर तिकडं तोंड करून. मी धरतो.”

असं कोणी म्हटलं तर देऊ नका. दोरी ही विश्वासानं दिलेली वस्तू असते. मी दिली. घरून धपाटं खाऊन निघालो होतो त्याला सहा तास झाले होते, पाय भरून आले होते, आणि बुवा खाली मंद्रात उतरले होते. सतरंजीच्या कडेला टेकलो. बिल्ला मात्र माझ्याच खिशावर राहिला, ही माझी चूक नंतर चर्चेत आली.

त्याच वेळी पाहुणे आले. उद्घाटनाचे नव्हेत, दुसरे, ज्यांच्यासाठी पहिला सोफा तीन तास रिकामा राखला होता ते. पुढे टॉर्चवाला, मागे पाच-सहा जण, एकाच्या हातात बुके. बाप्पांनी दोरी खाली केली नाही.

“थांबा,” ते म्हणाले. “सम येऊ द्या. मग जा.”

तुम्ही गाणं शिकला नसाल तर सांगतो. विलंबित एकतालात मात्रा बारा, पण एक आवर्तन पाऊण मिनिट सहज खातं. पाहुणे दोरीपाशी उभे. टॉर्चवाला म्हणाला, “ओ, साहेब हायेत.” बाप्पा म्हणाले, “असू द्या की. साहेब हायेत म्हनून सम अलीकडं येती व्हय?” आणि बोटं मोजत राहिले. अध्यक्ष मंचाच्या बाजूनं पळत निघाले. सोफ्यांना वळसा घालून त्यांना यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बुवांनी मुखडा घेतला, समेवर आले, बाप्पांची मान खाली आली आणि दोरीही. “जा आता.”

पाहुणे हसले, हे मी मुद्दाम नोंदवतो. सोफ्यावर बसले, अकरा मिनिटं ऐकलं, फोन आला, गेले. अध्यक्ष हसले नाहीत. माझा बिल्ला तिथंच काढून घेतला. पिन शर्टातच राहिली. मला पार्किंगला पाठवलं, शिक्षा म्हणून.

पार्किंग म्हणजे शाळेच्या मागचं मैदान. एक शिट्टी, एक बल्ब, आणि गाड्यांचे नंबर लिहायची दोनशे पानी वही. साउंडवाल्याचे बॉक्स पुढे तोंड करून असल्यामुळे मागं इको पोचत नाही. भिंतीवरून नुसता आवाज येतो, तंबोऱ्यासकट. हे कोणाला सांगू नका, नाही तर तिथंही सोफे टाकतील. गाड्यांकडे कोणी येत नव्हतं. मी एका बुलेटच्या सीटवर बसून द्रुत बंदिश आणि पुढचा तराणा सगळा ऐकला, मंचाच्या दिशेला तोंड करून.

पावणेदहाला बाप्पा आले, गाडी काढायला. माझ्याकडे बघून म्हणाले, “हिकडं आनलं व्हय तुमाला? माज्यामुळं.” मी म्हटलं, नाही नाही, इथंच बरं आहे. शेवटची भैरवी राहिली आहे, थांबा की. तर म्हणाले, “ह्या आठवड्यात रातची लाईट हाय. धाला येती. हरभऱ्याला पानी द्यायचंय.” गाडी दोन किकांत सुरू झाली नाही, तिसऱ्यात झाली. जाता जाता ओरडून म्हणाले, “भैरवीत काय म्हनले ते सांगा मला!”

भैरवी झालीच नाही. दहाला सात कमी असताना आभार सुरू झाले. मंडपवाले, साउंडवाले, पोलीस प्रशासन, नगरपालिका, सर्व ज्ञात-अज्ञात स्वंयसेवक. उच्चारही तसाच केला, बिल्ल्यावरचा. आभार संपले तेव्हा दहा वाजून दोन मिनिटं झाली होती आणि वायर गुंडाळायला सुरुवात झाली होती. बुवा मंचावर मांडी घालून तसेच बसलेले होते.

हे बाप्पांना कळवायला पाहिजे. त्यांचं नाव मी विचारलं नाही, गावही नाही. गाडीचा नंबर आहे, वहीत, पान चौदा.