‘हृदयातलं भोक बुजतं, थांबा’ म्हणे! बुजलं तर काय होईल?

परवा रात्री मावसबहिणीचा मेसेज आला, खाली एक फॉरवर्ड आणि वर तिचे दोनच शब्द, "मग थांबायचं?" तिला बाविसावा आठवडा चालू आहे, फीटल इकोमध्ये, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीत, डबल आउटलेट राइट व्हेंट्रिकल हा हृदयाचा जन्मजात दोष निघालाय, आणि फॉरवर्ड पाठवणाऱ्या आमच्याच काकू. त्यांनी मायेनेच पाठवलं असणार, मान्य. पण हाच मेसेज मी याआधी तीन ग्रुपवर बघितला आणि तिन्ही वेळा गप्प बसले, आता नाही बसवत.

त्यात म्हटलंय की हृदयातली भोकं दोन वर्षांत आपोआप बुजतात, डॉक्टर उगाच ऑपरेशनची घाई करतात. बाळ निळं पडलं तर ते थंडीने, ऊब द्या. फारच वाटलं तर ऑक्सिजन लावला की भागतं. आईने मोबाइल पोटाजवळ ठेवल्याने हे होतं. आणि ऑपरेशन झालेली मुलं जन्मभर अधूच राहतात.

भोकाचं आधी घेते, कारण जीव घेणारा मुद्दा तोच आहे. त्यात खरं आहे तेवढं सांगून टाकते. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला, त्यातही स्नायूच्या भागात, बारीकसं भोक असेल आणि बाकी हृदय नीट असेल तर ते पुष्कळदा खरंच आपलं आपण बुजतं. पण म्हणून सगळ्याच हृदयांना तोच न्याय?

डबल आउटलेटमध्ये काय असतं, तर शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी निघायला हवी डाव्या खालच्या कप्प्यातून, पण ती आणि फुफ्फुसाकडे जाणारी धमनी अशा दोन्ही उजव्याच कप्प्यातून निघतात. डाव्या कप्प्याला स्वतःचं दारच नाही. फुफ्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त तिथे येऊन भरतं आणि त्याला बाहेर पडायला सहसा एकच वाट असते, मधल्या पडद्यातलं ते भोक. मी बहिणीला एका पाकिटाच्या मागे चित्र काढून फोटो पाठवला, शेजारी शेजारी दोन खोल्या, बाहेर जाणारे दोन्ही पाइप उजव्या खोलीतून, मधल्या भिंतीत एक खिडकी, आणि खाली लिहिलं, आता ही खिडकी बुजव. दोन मिनिटांनी उत्तर आलं, "अगं, मग डावीकडचं जाणार कुठून?"

तेच तर!

त्याचं जवळचं भावंड म्हणजे ट्रान्सपोझिशन, दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल. शरीरातून आलेलं रक्त परत शरीरातच आणि फुफ्फुसातून आलेलं परत फुफ्फुसातच, अशी दोन वेगवेगळी चक्रं फिरत बसतात. कुठेतरी एकमेकांत मिसळली तरच मूल जगतं. जन्माआधीची एक जोडवाहिनी असते ती पहिल्या काही दिवसांत बंद व्हायला लागते, म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं औषध चालू ठेवून ती उघडी ठेवतात. आणि 1966 मध्ये विल्यम रॅशकिंड या अमेरिकन डॉक्टरांनी काय केलं ते फॉरवर्डवाल्याने वाचावंच. बारीक नळीच्या टोकाला फुगा, तो शिरेतून हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात न्यायचा, फुगवायचा आणि झटक्यात उजवीकडे ओढायचा, की वरचा पडदा फाटून भोक मोठं होतं. छाती न उघडता, मुद्दाम. हे आजही करतात. भोक बुजणं हाच इलाज असता तर डॉक्टर इतकी वर्षं ते फाडून मोठं कशाला करत बसले असते? उपचार नव्हते तेव्हा ट्रान्सपोझिशनची साधारण 90 टक्के बाळं पहिल्या वर्षातच जायची, आणि हे महाशय सांगतात दोन वर्षं थांबा.

निळेपणाचं म्हणाल तर नवजात बाळाचे फक्त तळहात-तळपाय निळसर दिसणं बऱ्याचदा नॉर्मल असतं, एवढं खरं. जीभ आणि ओठांचा आतला भाग निळा असेल तर मात्र ती थंडी नाही, ताबडतोब डॉक्टर. थोडं कमी असलेलं ऑक्सिजन डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून तर उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघतात. आणि ऑक्सिजन लावून भागतं म्हणे! फुफ्फुसातलं रक्त शरीराकडे जातच नसेल तर नाकाशी कितीही द्या, आकडा फारसा हलत नाही, उलट तो हलला नाही यावरूनच डॉक्टरांना हृदयाचा संशय येतो.

मोबाइलवर मी वेळ घालवणार नाही. हृदयाची मूळ रचना आठव्या आठवड्यापर्यंत झालेली असते, पोट दिसायच्या आधीच. आधीपासूनचा आटोक्यात नसलेला डायबेटिस, सुरुवातीच्या महिन्यांतला रुबेला, काही जनुकीय दोष ही माहीत असलेली कारणं, पण बहुतेकदा ठाम एक कारण सापडतच नाही. तरी खापर आईवर.

अधू राहतात हेही अर्धवट. चेकअप आयुष्यभर लागतं, काहींना पुन्हा ऑपरेशनही लागतं, हे लपवायचं नाही. पण अदललेल्या धमन्या जागच्या जागी लावायचं ऑपरेशन ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी 1975 मध्ये पहिल्यांदा यशस्वी केलं, आणि तशा ऑपरेशनमधून गेलेली कितीतरी मुलं आज नोकऱ्या करतायत, स्वतः आईबाप झालीयत.

आता बहिणीच्या प्रश्नाचं. डबल आउटलेटमध्ये कधीकधी डॉक्टरही काही महिने थांबतात, पण ते बाळाचं वजन वाढायला, भोक बुजायला नव्हे. पुढच्या भेटीत तिने विचारायच्या गोष्टी मी लिहून दिल्यात. भोक महाधमनीखाली आहे की फुफ्फुसाच्या धमनीखाली, कारण पहिल्यात भोकातून महाधमनीपर्यंत आतून बोगदा करता येतो आणि दुसऱ्यात बऱ्याचदा धमन्यांची अदलाबदलही करावी लागते. फुफ्फुसाकडची वाट अरुंद आहे का. आणि डिलिव्हरी कुठे, कारण जन्मल्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन लागलंच तर ते त्याच इमारतीत हवं. हे शेवटचं आत्ताच ठरवायचंय, त्यात थांबायचं नाही.