चार हुकांच्या तक्रारीला उत्तर: तोंड का फाकलं, ट्रिगर का अडकतो

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात: १० मिमी साखळीच्या चारपायी स्लिंगला (एका कडीतून लोंबणाऱ्या चार साखळ्यांचा, म्हणजे पायांचा, उचलण्याचा संच) आमचे ग्रेड ८० चे (मिश्र पोलादाचा एक दर्जा) सेल्फ-लॉकिंग, म्हणजे वजन येताच आपोआप मिटून लॉक होणारे, हूक लावले. ९ टनांचा मशीनचा बेड (खालचा जड पाया) उचलताना एकाचं तोंड फाकलं. दुसऱ्याचा ट्रिगर (लॉक सोडवायची कळ) हातोडी मारल्याशिवाय दबत नाही. तिसरा लॉकच होत नाही. फाकलेला हूक आम्ही गरम करून सरळ करून देत नाही आणि बदलूनही देत नाही, म्हणून ‘सेफ्टी फक्त नावात’. तुमचा हिशेब असा, की एका हुकावर ३.१५ टन कोरलंय, चारांचे १२.६ झाले, मग ९ टनांना अडचण काय?

आधी हा हिशेब. चारपायी स्लिंगवर वजन चौघांत सारखं वाटलं जात नाही. बेडसारखी कडक वस्तू असेल आणि एखादा पाय जरासा आखूड पडला, की कर्णावरचे दोन पाय बहुतेक सगळं वजन घेतात आणि उरलेले दोघे नुसता तोल सांभाळतात. म्हणून टॅगवरचा हिशेब चारऐवजी तीनच पायांचा असतो: पाय उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत कललेले असतील तर एका पायाच्या २.१ पट, ४५ ते ६० अंशांत १.५ पट एवढंच धरतात. ६० च्या पुढे उचलायचंच नाही. १० मिमी ग्रेड ८० साठी हे साधारण ६.६ आणि ४.७ टन होतात. हुकावर कोरलेला आकडा त्या एका हुकाचा, तोही सरळ ओढीतला. अख्ख्या स्लिंगची क्षमता मास्टर लिंकजवळच्या (चारही पाय जोडणाऱ्या वरच्या कडीजवळच्या) टॅगवर पाहायची.

तरीही तोंड फाकलं ते निव्वळ जादा वजनामुळे, असं आम्हाला वाटत नाही. दोनच पायांनी सगळं उचललं आणि कोन ४५ अंशांचा होता असं धरा. एका हुकावर सुमारे ६.४ टन आले. हे क्षमतेच्या दुप्पट आहे आणि असं उचलणं चूकच, पण या हुकांचा प्रूफ लोड (चाचणीत देतात तो भार) क्षमतेच्या अडीचपट, म्हणजे जवळजवळ ७.९ टन आहे आणि तुटण्याची मर्यादा किमान चौपट. ओढ हुकाच्या पोटात (वळणाच्या तळाशी) बसलेली असती, तर ६.४ टनांना तोंड उघडायला नको होतं.

उत्तर तुमच्याच दुसऱ्या फोटोत आहे. हुकाच्या नाकाच्या आतल्या बाजूला, टोकाच्या अगदी जवळ, चकचकीत चपटी खूण पडली आहे. उलट पोटात, जिथे साखळी किंवा शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी) घासून रंग सर्वात आधी जातो, तिथे मूळ रंग जसाच्या तसा आहे. म्हणजे भार टोकावर होता. बेडच्या लिफ्टिंग लगचं (उचलण्यासाठीच्या भोक असलेल्या प्लेटचं) भोक लहान किंवा प्लेट जाड असणार. नाक भोकात शिरलं, पण हूक खाली बसला नाही. या हुकात वजन आलं की खालचा भाग पिनवर फिरतो आणि तोंड आपोआप मिटतं. मध्ये प्लेट अडकली की ते पुरतं मिटत नाही, लॉक पडत नाही आणि नाक पहारीसारखं वाकतं. टोकावरच्या भारासाठी असे हूक मोजलेले नसतात, लॅचवाले (तोंडावर स्प्रिंगची पट्टी असलेले) असोत वा सेल्फ-लॉकिंग. लॉकचं काम साखळी ढिली पडल्यावर स्लिंग निसटू न देणं. चुकीच्या जागी बसलेला भार तो पेलत नाही. ‘सेल्फ-लॉकिंग’ म्हटलं की पुढे काही बघायलाच नको, असा समज बाजारात फार पसरलाय, आणि विकणाऱ्यांनाही तो सोयीचा पडतो.

उपाय साधा आहे. लगमध्ये बो शॅकलची पिन टाका आणि हूक शॅकलच्या गोलाईत अडकवा. हूक हाताने हलवून तो पोटापर्यंत बसतोय आणि रिकाम्यात ‘टक’ करून मिटतोय का, ते बघा. ९ टनांच्या या बेडला १० मिमी साखळी पुरणार नाही. किमान १३ मिमी ग्रेड ८० लागेल (एका पायाला ५.३ टन, चारपायी ४५ अंशांपर्यंत सुमारे ११ टन; पण सगळं वजन दोनच पायांवर आलं, तर वरचे ६.४ टन तिलाही जास्त होतात) आणि प्रत्येक लगला ६.५ टनांचं शॅकल. कोन मोजायला साधन नसेल तर पायाची लांबी समोरासमोरच्या दोन लगमधल्या कर्णाच्या ०.७१ पटीपेक्षा कमी ठेवू नका. त्याहून आखूड पाय ४५ च्या पलीकडे जातो.

आता ट्रिगर. भार असताना तो दबत नाही, आणि ते मुद्दामच तसं केलंय. वजन खाली टेकलं तरी एका बाजूची पॅकिंग (वजनाखाली ठेवलेले ठोकळे) उंच असली तर साखळीत ताण राहतो आणि ट्रिगर घट्ट लागतो. अशा वेळी हातोडी नको. क्रेनचा हूक आणखी वीतभर खाली घ्या, साखळी लोंबू द्या, मग अंगठ्याने दाबा. रिकाम्या हुकातही दबत नसेल तर खाचेत रंग, वेल्डिंगचे शिंतोडे किंवा ग्राइंडिंगचा भुगा असतो. तुमच्या हुकावर नंतर मारलेला पिवळा रंग पिनच्या फटीत गेलेला स्पष्ट दिसतो. केरोसिन आणि ब्रशने साफ करा, पिनवर पातळ तेलाचे दोन थेंब सोडा. ग्रीस नको, त्यात भुगा चिकटून राहतो. सिमेंट किंवा शॉट-ब्लास्टिंगच्या धुळीत रोजचं काम असेल तर आम्ही स्वतःच साधा लॅचवाला हूक सुचवू.

तिसऱ्या हुकाचा ट्रिगर दाबून तारेने बांधलेला आहे. कामाचा वेग वाढवायला असं करतात हे ठाऊक आहे, पण मग लॉक पडणार कसा? सतत दबून स्प्रिंग बसते. या हुकाला आणि हातोडीचे घाव बसलेल्या दुसऱ्यालाही ट्रिगर, स्प्रिंग आणि पिनचा किट बदलून चालेल. जुनी पिन परत वापरू नका. बसवल्यावर ट्रिगर न दाबता तोंड हाताने जोर लावून ओढा, उघडता कामा नये. नाक आणि वरचा जबडा समोरासमोर येतात का, हेही बघा.

फाकलेल्या हुकाचं मात्र काही करता येत नाही. हे उष्णता-प्रक्रिया केलेलं मिश्र पोलाद आहे. गॅसने लाल केलं की त्याची ताकद जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. वेल्डिंगचंही तेच. ॲसिडमध्ये धुणं किंवा गॅल्व्हनाइझ करणंही टाळा, त्याने पोलाद ठिसूळ होतं. तोंड मूळ मापापेक्षा ५ टक्के किंवा ६ मिमी, जे कमी असेल तेवढं वाढलं, झीज १० टक्क्यांवर गेली, डोळ्याला दिसेल असा पीळ पडला किंवा लॉक पडेनासा झाला, तर एएसएमई बी ३०.१० (हुकांसाठीचं अमेरिकन मानक) नुसार हूक बाद. तुमचा पहिल्याच कसोटीत जातो. टोकावर भार देऊन वाकलेला हूक आम्ही बदलून देत नाही, ही अट वॉरंटीत लिहिलेली आहे.

तो हूक भंगारात टाकण्याआधी मधोमध कापा, नाहीतर रात्रपाळीत कोणीतरी उचलून पुन्हा लावेल. चौथा हूकही तशाच लगमध्ये होता, त्यामुळे त्याच्या नाकावर तशीच खूण आहे का ते पाहा आणि डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाने) तडे तपासून घ्या. लगच्या भोकाचा व्यास, प्लेटची जाडी आणि चारही हुकांवरच्या बॅच कोडचे फोटो पाठवा. त्यावरून लगमध्ये बसेल असं शॅकल आणि दोन हुकांना लागणारे किट सांगतो.