बीटलचे सुधारणे खरे की सोयीचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

बीटलवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: अ‍ॅबनर जेन्किन्स ऊर्फ बीटल हा मार्व्हल कॉमिक्सचा तिसऱ्या फळीतला चिलखतधारी खलनायक, तीन दशके तो भेटेल त्या नायकाच्या हातचा मार खात राहिला आणि १९९७ मध्ये ‘थंडरबोल्ट्स’ या नव्या मालिकेसाठी पात्रे हवी होती म्हणून त्याला सज्जन करून टाकण्यात आले. अशा ठिगळांना मी ‘चरित्र’ म्हटले, हे आपल्याला पटलेले नाही. शिवाय, ज्याने आपले चिलखत टिंकरर या खलनायकांना यंत्रे बनवून देणाऱ्या पात्राकडून करून घेतले त्याला ‘कारागीर’ म्हणणे म्हणजे खलनायकाचे पाप झाकणे होय, असाही आपला आक्षेप आहे.

कारागिरीपासून सुरुवात करतो. बीटल पहिल्यांदा दिसला तो ‘स्ट्रेंज टेल्स’च्या १२३व्या अंकात, ऑगस्ट १९६४ मध्ये. लेखन स्टॅन ली यांचे आणि चित्रे कार्ल बर्गोस यांची. (१९३९ मध्ये मूळ ह्यूमन टॉर्च निर्माण करणारे बर्गोस पंचवीस वर्षांनी ‘फँटास्टिक फोर’ या नायकसंघातल्या नव्या टॉर्चसाठी शत्रू रेखाटत होते. या योगायोगाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.) त्या कथेतला जेन्किन्स विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला तरबेज मेकॅनिक आहे. त्याच्या आईबापांचा खून झालेला नाही, प्रयोगशाळेतल्या अपघाताने त्याचे रूप बिघडलेले नाही, त्याला जगावर राज्यही करायचे नाही. त्याच त्या कामाचा त्याला कंटाळा आला आहे आणि आपल्या हातातले कसब कोणाच्या लेखीच नाही, ही सल त्याला टोचते आहे. म्हणून तो पंख असलेले चिलखत आणि बोटांना चोषक बसवलेले हातमोजे घडवतो, आणि ते घालून थेट टॉर्च आणि त्याचा सहकारी थिंग यांनाच आव्हान देतो, कारण त्यांना हरवले की नाव होईल. पैसा त्याला हवा आहेच, परंतु नाव त्याहून अधिक हवे आहे. हे पहिले चिलखत त्याने स्वतः घडवलेले आहे, आणि ‘कारागीर’ हा शब्द मी त्याच आधारावर वापरला.

टिंकररचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो आपण मांडला आहे त्याहून अधिक गंभीर आहे. १९८१ च्या ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’मध्ये, रॉजर स्टर्न यांच्या लेखनात, बीटलला टिंकररकडून नवे चिलखत हवे होते आणि स्पायडर-मॅन लढतो कसा याची तपशीलवार माहिती हवी होती. ती मिळवण्यासाठी तो स्वतः मैदानात उतरला नाही. त्याने रिंगर नावाच्या आपल्याहून दुबळ्या खलनायकाला बळजबरीने स्पायडर-मॅनच्या अंगावर सोडले आणि लांबून ती लढत न्याहाळत राहिला. माझ्या मते जेन्किन्सच्या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत क्रूर प्रसंग आहे, कारण एकेकाळी स्वतः उपेक्षेने पोळलेला माणूस येथे दुसऱ्या एका उपेक्षिताला चाचणीचे उपकरण म्हणून वापरतो. रिंगरची पत्नी लीला डेव्हिस या प्रकाराचा सूड मनात धरून पुढच्या कथांमध्ये आली आणि कालांतराने बीटलचे चिलखत तिनेच चढवले. तेव्हा पाप झाकण्याचा प्रश्न येत नाही. कसब आणि क्रौर्य एकाच माणसात असू शकतात.

मधल्या काळाबद्दल आपले बरोबर आहे. तो बराचसा भरताडच आहे. १९६५ मध्ये टॉर्चच्या मैत्रिणीला ओलीस धरणे, १९६६ मध्ये अ‍ॅव्हेंजर्स या नायकसंघाविरुद्ध ‘कलेक्टर’ नावाच्या खलनायकाची चाकरी, १९६७ मध्ये मॉन्ट्रिअलच्या जागतिक प्रदर्शनाच्या पार्श्वभूमीवर डेअरडेव्हिलकडून पराभव, यातून व्यक्तिरेखेला फारसे काही मिळत नाही. १९८६ मध्ये त्याने ‘सिनिस्टर सिंडिकेट’ ही टोळी उभी केली, तेथे मात्र रायनो आणि बूमरँग यांच्यासारख्या तापट मंडळींना सांभाळून घेणारा, योजना आखणारा माणूस दिसू लागतो.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. सुधारण्याची बीजे आधी कोठेच नव्हती, असे आपण म्हणता. येथे मी आपले लक्ष हॉकआय या तिरंदाज नायकाकडे वेधू इच्छितो. हॉकआय पहिल्यांदा आला तो सप्टेंबर १९६४ मध्ये, म्हणजे बीटलनंतर अवघ्या एका महिन्याने, आणि तोही खलनायक म्हणूनच. तो जत्रेतला तिरंदाज होता. आयर्न मॅनला मिळणाऱ्या टाळ्या पाहून त्याला हेवा वाटला, म्हणून त्याने पोशाख चढवला. जेन्किन्सची प्रेरणा आणि हॉकआयची प्रेरणा यांत मला तसूभरही फरक दिसत नाही. तरीही हॉकआयला मे १९६५ मध्ये, ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या १६व्या अंकात, सन्मानाने संघात घेतले गेले, बीटलला तीच संधी मिळायला १९९७ उजाडावे लागले. ‘थंडरबोल्ट्स’चे लेखक कर्ट ब्युसिएक यांनी बीज बाहेरून आणले नाही. ते पहिल्या अंकापासून तेथे पडून होते, पाणी मात्र कोणी घातले नव्हते.

शिवाय ‘थंडरबोल्ट्स’ची रचनाच अशी आहे की हे परिवर्तन एका रात्रीत होऊच शकत नाही. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर हे नवे नायक म्हणजे अ‍ॅव्हेंजर्सचा जुना शत्रू बॅरन झीमो याचे वेषांतर केलेले खलनायक आहेत, एवढाच उलगडा होतो. आपण ज्याला हृदयपरिवर्तन म्हणता ते त्या पानावर नाहीच. अ‍ॅव्हेंजर्स आणि फँटास्टिक फोर हे मेले असे समजून सैरभैर झालेले न्यूयॉर्क या तोतयांना डोक्यावर घेते, आणि ज्या कौतुकासाठी जेन्किन्सने आयुष्यभर दरोडे घातले ते कौतुक त्याला ‘मॅक-१’ या नावाने, ढोंग करत असताना मिळते. ते ढोंग त्याला हळूहळू आवडू लागते. दहाव्या अंकात झीमो स्वतःच सर्वांची खरी ओळख जगाला सांगतो, बाराव्यात त्याच्याविरुद्ध बंड होते. म्हणजे लेखकाने या प्रवासाला जवळजवळ वर्षभराचे अंक दिले आहेत.

आणि मग थंडरबोल्ट्सचे नेतृत्व स्वीकारण्यासाठी येतो तो हॉकआयच. बीटल असताना केलेल्या खुनाची शिक्षा मॅक-१ ने तुरुंगात जाऊन भोगावी, ही त्याची अट असते आणि जेन्किन्स ती मान्य करतो. केवळ लेखकाच्या सोयीसाठी सुधारलेल्या पात्राला कोणी असे कथेबाहेर, कोठडीत पाठवत नाही. ज्याला स्वतःला स्वस्तात क्षमा मिळाली त्याने दुसऱ्याकडून पूर्ण किंमत वसूल करावी, यातला विरोधाभास मला या मालिकेतला सर्वांत बोचरा भाग वाटतो.

त्यानंतरचे सगळे इतके काटेकोर नाही. ओळख लपवण्यासाठी जेन्किन्सला कृष्णवर्णीय रूप देण्याचा प्रकार अत्यंत ओबडधोबड होता. वंशाचा असा मुखवट्यासारखा वापर तेव्हाही समर्थनीय नव्हता. ‘मॅक’पुढचा आकडा वाढत राहिला, त्या प्रमाणात व्यक्तिरेखेची खोली वाढली नाही. ‘ठिगळे’ हा आपला शब्द या काळाला लावलात तर माझी हरकत नाही.

बीटलचे नाव पुढे चालवणाऱ्या जॅनिस लिंकनला मी लेखात जागा का दिली नाही, असेही आपण विचारले आहे. २०१० मध्ये आलेली ही वकील, टूमस्टोन या गुंड-खलनायकाची मुलगी, ‘सुपीरियर फोज ऑफ स्पायडर-मॅन’मध्ये उत्तम रंगली आहे. परंतु तिला गुन्हेगारीचा वारसा घरातूनच मिळालेला आहे आणि त्याबद्दल तिला खंत नाही. चिलखताचे नाव सोडले तर जेन्किन्सच्या कहाणीशी तिचा संबंध नाही, म्हणून तिच्यावर वेगळाच लेख लिहावा लागेल. तोपर्यंत, आपण ‘थंडरबोल्ट्स’ पहिल्या अंकानंतर सोडून दिले असल्याचे लिहिले आहे, तर निदान बाराव्या अंकापर्यंत वाचावे, आणि त्याआधी ‘स्ट्रेंज टेल्स’ १२३ मधली ती छोटी कथा वाचावी, अशी विनंती करतो. त्यानंतरही आपले मत कायम राहिले तर ते मला कारणांसह वाचायला आवडेल.